वाऱ्याआडची तार

बसप्पा कलशेट्टींना पाण्याची भीती वाटायची, ही गोष्ट अख्ख्या सोलापुरात दोनच माणसांना ठाऊक होती. एक त्यांची बायको दानेश्वरी आणि दुसरे ते स्वतः. त्यातही स्वतःपाशी ते कबूल करत नसत. तळ्याकाठी देवदर्शनाला गेले तरी वरच्या पायरीवरूनच हात जोडायचे आणि वर म्हणायचे, "खाली गर्दी लई असते की." अशा माणसाने वयाच्या बासष्टाव्या वर्षी शिडाच्या होडीच्या डोलकाठीचं काम अंगावर घ्यावं, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. दानेश्वरीबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं आणि कानडीत बोलूनही दाखवलं होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बसप्पा म्हणजे यंत्रमागाचे जॉबर. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. टॉवेलांच्या आणि चादरींच्या कारखान्यांत त्यांनी अडतीस वर्षं काढली. पन्नास माग एकदम खडखडत असताना शेडच्या दारात उभं राहून ते क्षणभर कान द्यायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या रांगेतला चौथा बघा." बघावं तर तिथेच काहीतरी सैल झालेलं असायचं. पण त्यांची खरी विद्या कानात नव्हती, तळहातात होती. मागावर चढवलेल्या ताण्यावरून, म्हणजे त्या हजारो उभ्या धाग्यांवरून, ते नुसता हात फिरवायचे. एक धागा ढिला असला तरी तो त्यांच्या हाताला लागायचा. ढिल्या धाग्याचा त्यांना राग होता. नुसती नापसंती नव्हे, राग. आज दिसत नाही आणि उद्या कापडात उठून दिसतो, असा लबाड शत्रू. त्यापायी त्यांनी भल्याभल्या विणकरांना फैलावर घेतलं होतं आणि मालकांनाही सोडलं नव्हतं.

कारखाना सुटल्यावर ते मुलाकडे जुळे सोलापुरात राहायला आले. फ्लॅट छान होता, पण त्यात काही बिघडतच नव्हतं. महिनाभर ते खिडक्यांच्या कड्या घट्ट करत फिरले. मग दानेश्वरीबाईंनीच त्यांना साखर पेठेतल्या जुन्या खोलीत पिटाळलं. तिथे काम घट्ट धरून ठेवणारा एक वाइस, एक ड्रिल आणि एक छोटं वेल्डिंग मशीन मांडून बसप्पा पुन्हा माणसात आले.

तिथेच एक दिवस दिग्विजय माने आले. माने हे टॉवेलवाले. त्यांच्या वडिलांच्या शेडमध्ये बसप्पांनी बारा वर्षं काढली होती. कॉलेजात असताना मान्यांना शिडाच्या होडीचा नाद लागला होता आणि तो पन्नाशीत उफाळून आला. त्यांनी मुंबईहून दोन जुन्या होड्या आणल्या, चार मित्रांची समिती केली आणि माढा तालुक्याच्या कडेला, उजनीच्या फुगवट्यावर, आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी शिडाची होडी शिकवायचं एक केंद्र काढलं. होड्या आल्या, पण डोलकाठीवरचं सामान कुजलेलं. मुंबईहून सुटे भाग मागवावेत तर तिकडचा माणूस फोनच उचलत नव्हता.

"बसप्पा, तुम्ही बघा बरं एकदा," माने म्हणाले.

टेम्पोच्या टपावर बांधून, टोकाला लाल फडकं लावून डोलकाठी साखर पेठेत आली तेव्हा गल्लीतली पोरं तिला मंडपाचा खांब समजली. बसप्पांनी ती दोन स्टुलांवर आडवी घातली आणि तिच्यावरून हात फिरवला. ॲल्युमिनियमचा पोकळ खांब. शेंड्याला शिडाची दोरी ओढायचं चाक, ते तडकलेलं. त्याच्या खाली दोन्ही अंगांना स्टीलचे दोन कान, म्हणजे भोकं पाडलेल्या जाड पट्ट्या. त्या कानांतून दोन तारा निघून होडीच्या डाव्या-उजव्या काठांना जायच्या आणि खांबाला उभं धरायच्या. तिसरी तार पुढे नाकाला. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल, फिरवलं की तार ताणणारं.

बसप्पांना एकदम हायसं वाटलं. ते होडीकडे बघतच नव्हते. त्यांना मागच दिसत होता.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. कानांचे जुने रिवेट ड्रिलने काढले. स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून जिथे पांढरी भुकटी धरली होती ती घासून काढली आणि मधे रबराची पातळ पट्टी घातली. कान नवे केले, तीन मिलिमीटरच्या चांगल्या स्टीलचे. शेंड्याचं चाक नायलॉनच्या दांड्यातून कातून घेतलं, मागाचे भाग करतात त्याच नायलॉनचं. तारांचे तंतू तुटून तळहाताला टोचत होते, त्या बदलल्या. माने खूश झाले. दुसऱ्या होडीचंही काम आलं. मग दर महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने मोडनिंबला उतरायचं, तिथून मिळेल त्या गाडीने काठावर जायचं आणि डोलकाठ्या तपासून यायच्या, असा शिरस्ताच पडला. पाण्यापासून दहा पावलं लांब एका बाभळीखाली ते उभे राहत. होडीत या म्हटलं की म्हणत, "आपलं काम काठावरचं."

केंद्रावर शिकवायला वैजयंती होती. माढ्याजवळच्याच एका शेतकरी घरातली, सत्तावीस वर्षांची. कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात ती शीड शिकली होती, मुंबईला जाऊन शिकवायची परीक्षा देऊन आली होती. गावात कोणी विचारलं की पोरगी काय करते, तर तिचे वडील "मास्तरीण हाय" एवढंच सांगायचे. कसली मास्तरीण ते सांगायचे नाहीत. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. ही नोकरी तिला जिवापलीकडे प्रिय होती, हे मात्र तिच्या चालण्यावरूनही कळायचं.

तिचं आणि बसप्पांचं पटायचं. एका गोष्टीवरून मात्र वाजायचं.

होडी वाऱ्यावर निघाली की बसप्पा बाभळीखालून डोळे बारीक करून बघायचे. वाऱ्याच्या अंगाची तार ताठ, आणि पलीकडची चक्क ढिली! लोंबत असायची, हलत असायची. होडी काठाला आली की ते पाना घेऊन पुढे व्हायचे आणि दोन्ही टर्नबकलला अर्धा अर्धा आटा द्यायचे.

"काका, ती वाऱ्याआडची तार ढिलीच पडती," वैजयंती सांगायची. "वाऱ्याकडची वढती तवा दुसरी निवांत ऱ्हाती. लई आवळू नगा."

"अगं पोरी, अडतीस वर्षं ताणच बघितलाय की मी. ढिलं म्हंजे ढिलं. त्यात वाऱ्याकडचं आन् पलीकडचं काय असतंय?"

वडिलांच्या वयाच्या माणसाला किती सांगायचं? बसप्पा गेले की ती आटे सोडायची. पुढच्या खेपेला बसप्पा ते पुन्हा आवळायचे. असं दोन वर्षं चाललं. तिने सांगितलं तीन वेळा. तिसऱ्या वेळी बसप्पांना राग आला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनीही कधी त्यांनी लावलेला ताण सोडला नव्हता. गेल्या ज्येष्ठात त्यांनी वेल्डिंग मशीन बरोबर नेलं, पहिल्या होडीच्या तारा मनासारख्या आवळल्या आणि दोन्ही टर्नबकलना एकेक बारीक टाका मारून टाकला. आता फिरव म्हणावं. दुसऱ्या होडीचीही तीच गत व्हायची, पण तेवढ्यात लाइट गेली आणि परतीची गाडी निघायची वेळ झाली.

श्रावणातल्या एका दुपारी पहिल्या होडीची डोलकाठी कोसळली.

होडीत वैजयंती आणि आठवीतल्या दोन मुली होत्या. वारा जोराचा होता, पण रोजच्यापेक्षा फार नव्हता. काडकन आवाज झाला, वाऱ्याकडचा कान तुटला आणि शिडासकट खांब पाण्यात गेला, होडी कलंडली. मुलींच्या अंगात जॅकेटं होती म्हणून त्या तरंगत राहिल्या. वैजयंतीने दोघींना होडीच्या बुडाला धरून ठेवलं. मासे धरणाऱ्यांनी तिघींना काठाला आणलं. मुलींना खरचटलंही नव्हतं. वैजयंतीच्या कपाळाला चार टाके पडले.

मान्यांचा फोन आला तेव्हा बसप्पा जेवत होते. ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. माने विचारत होते, कशामुळे झालं असेल? आणि बसप्पांच्या तोंडून निघून गेलं, "ती पोरगी सारखी तारा ढिल्या करायची की. मी आवळायचो, ती सोडायची."

ते खोटं बोलले नव्हते. टाके तोडूनसुद्धा तिने तारा सोडल्या असणार, असं त्यांनी धरलंच होतं. जे मनात होतं तेच बोलले होते, म्हणून तर ते जास्त लागलं. कारण बसप्पा कलशेट्टींचा शब्द होता. ज्याने अडतीस वर्षांत कधी चुकीचं निदान केलं नाही त्याचा. माने दुसऱ्या कोणाला विचारायला गेलेच नाहीत. समितीत तेवढंच वाक्य फिरलं. वैजयंतीला मुलांना पाण्यावर न्यायची मनाई झाली, आणि भाद्रपदातल्या पहिल्या रविवारी बैठक घेऊन तिला कमी करायचं ठरलं. तिच्या जागी पुण्याचा एक माणूसही बघून ठेवला होता.

मोडलेली डोलकाठी दुरुस्तीला साखर पेठेत आली ती बैठकीच्या आदल्या मंगळवारी.

बसप्पांनी तुटका कान वाइसमध्ये धरला आणि चष्मा पुसून बघितला. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग लख्ख होता, नुकताच तुटलेला. उरलेला अर्धा तपकिरी. म्हणजे चीर जुनी. कित्येक दिवस पाणी पीत होती. त्यांनी न तुटलेला दुसरा कान काढला. त्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, खालच्या बाजूला ओघळल्यासारखं लांबट झालं होतं, आणि त्याच्याही काठाला केसाएवढी चीर. रिवेटची भोकंही तशीच, खाली खेचलेली.

कापडाचा तागा बघून कोणत्या मागावर, कशाने बिघडलं ते सांगणाऱ्या माणसाला हे वाचता येणार नाही असं कसं होईल? ढिल्या तारेने भोकं अशी लांबत नाहीत. सतत कोणीतरी ओढत असेल तरच लांबतात. झटक्याने नाही, रोज. आणि दोन्ही बाजूंना सारखीच.

ते खाली वाकले आणि टर्नबकल बघितले. टाके जागच्या जागी होते. तिने ते फिरवले नव्हते. फिरवणं शक्यच नव्हतं.

बसप्पा स्टुलावर बसले. बाहेर गल्लीत कोणीतरी भंगारवाल्याशी हुज्जत घालत होतं, ते संपेपर्यंत बसले. मग उठून त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि दुपारीच घरी गेले. असं ते कधी करत नसत.

तीन दिवस ते घरात असून नसल्यासारखे होते. डोक्यात हिशेब चालू होते. पत्राच खराब लागला असेल. रिवेटवाल्याने फसवलं असेल. मुंबईचा तो खांबच जुना. एकेक कारण ते हातात घेऊन बघत होते आणि एकेक फेकून देत होते, कारण प्रत्येकात खोट होती आणि खोट त्यांच्या हाताला लागत होती. खरं सांगायचं तर त्यांना पोरीच्या नोकरीपेक्षा आधी स्वतःच्या नावाची काळजी पडली होती. चौसष्ट वर्षांत जमवलेलं ते एकच होतं. याची त्यांना लाज वाटली, पण म्हणून काळजी कमी झाली नाही.

शनिवारी दानेश्वरीबाईंनी ताट वाढलं, "रीऽ, ऊटा माडरी," अहो, जेवा, असं कानडीत तीनदा म्हटलं आणि चौथ्यांदा ताट उचलून घेतलं.

"काय झालंय ते सांगा, मग जेवा."

त्यांनी सांगितलं. सगळं. टाके मारल्याचंसुद्धा. बाईंनी ऐकून घेतलं.

"ती पोरगी सांगत होती तुम्हाला?"

"तीनदा."

"मग तुम्ही का ऐकलं नाही?"

"माझ्या हातावर माझा विश्वास होता की."

"हात मागावरचा. होडीत कधी बसलात तुम्ही?"

बाईंनी ताट पुन्हा समोर ठेवलं. "मला विचारून काय उपयोग? उद्या जाऊन बसा होडीत. नाहीतर तिकडं तोंड उघडू नका."

रविवारी पहिल्या एसटीने ते निघाले. तुटलेला कान रुमालात बांधून खिशात ठेवला होता. काठावर पोचले तेव्हा समिती यायला दोन तास होते. वैजयंती शेडच्या दारात जॅकेटं मोजून गठ्ठे करत होती. किल्ल्या द्यायच्या म्हणून लवकर आली होती. कपाळावरचे टाके निघाले होते, खूण लालसर होती. बसप्पांना बघून ती उठून उभी राहिली.

"मला त्या दुसऱ्या होडीत बसव," बसप्पा म्हणाले.

"तुमी? पान्यात?"

"व्हय."

"मला मनाई हाय, काका."

"मनाई पोरांना न्यायची हाय. मी पोर हाय का?"

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग एक जॅकेट उचलून त्यांच्या अंगात चढवलं आणि बक्कल लावलं. बसप्पांचे पाय पाण्याशी येऊन थबकले. तिने हात पुढे केला. त्यांनी डोळे मिटूनच पाय आत टाकला आणि होडी हलली तसे मटकन खाली बसले. पुढची पाच मिनिटं त्यांनी कोणत्या देवाचं नाव घेतलं नसेल ते सांगता येणार नाही.

वारा पश्चिमेचा होता, बेताचा. शीड भरलं, होडी एका अंगावर कलली. वैजयंती सुकाणू धरून बसली होती आणि सारखी मान वर करून डोलकाठीच्या शेंड्याकडे बघत होती. ते बसप्पांनी बघितलं. आपल्या वजनाने होडी जड झाली असेल, असं त्यांना वाटलं.

"आता वाऱ्याकडची तार धरा," ती म्हणाली.

त्यांनी धरली. लोखंडी सळईसारखी कडक होती आणि आतून गुणगुणत होती. दुसरा हात लांब करून त्यांनी पलीकडची तार धरली. ती मऊ होती. हातात वाकत होती. त्यांचा हात आपोआप पाना शोधायला खिशाकडे गेला.

"वळते आता. डोकं खाली घ्या. तारा सोडू नगा."

शीड फडफडत त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेलं. आणि त्यांच्या मुठीत, अगदी मुठीतच, कडक तार सैल होत गेली. गुणगुणणं थांबलं. त्याच वेळी दुसऱ्या मुठीतली मऊ तार ताठ होत होत कडक झाली. होडी दुसऱ्या अंगावर कलली.

"परत वळ," बसप्पा म्हणाले.

ती वळली. तारांनी पुन्हा आपापलं काम बदललं.

"परत."

पाच-सहा वेळा त्यांनी तिला वळायला लावलं. पाण्याचं भान राहिलं नाही. मागावर सगळे धागे एकदम ओढत असतात, सकाळी माग सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत. इथे तसं नव्हतं. एक तार ओढायची तेव्हा दुसरी विसावा घ्यायची आणि वळलं की पहिली. त्या विसाव्यावरच हा खांब उभा होता. आणि त्यांनी तो विसावा टाका मारून बंद केला होता. होडी काठावर उभी असतानासुद्धा, कोणी नसतानासुद्धा, दोन्ही कान ओढले जात होते. दोन महिने. बसप्पांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, कारण दोन्ही हात तारांवर होते.

काठाला आल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बैठक कितीला हाय?"

पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर समिती बसली. मान्यांनी अहवाल वाचायला घेतला. वारा जोराचा असताना होडी बाहेर काढली. प्रशिक्षिकेने तारांचा ताण परस्पर कमी केल्याचे समजते. इथवर आले आणि बसप्पा उभे राहिले.

"ते खोडा, मालक."

"काय?"

"ताण कमी केला म्हणून लिवलंय ते. ताण जास्त झाला म्हणून कान तुटला. तो मी केला." त्यांनी रुमाल सोडून तुकडा टेबलावर ठेवला आणि बोटाने दाखवलं, लख्ख भाग, तपकिरी भाग, लांबलेलं भोक. "ही चीर जुनी हाय. मी आवळायचो. तिनं सोडू नये म्हणून वेल्डिंगचा टाका मारला. ही पोरगी मला तीनदा म्हणाली, काका आवळू नका. मी ऐकलं न्हाय."

मान्यांनी तुकडा उचलून उलटसुलट केला. त्यांना पटलं होतं, पण आवडलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"बसप्पा, तुमचं वय, तुमचं नाव... पत्र्यातही दोष असू शकतो. आपण तसं लिहू. धातूतला दोष. कुणाचंच नाव नको. वैजयंती राहील."

सोपी वाट होती. पोरीचं काम होत होतं आणि बसप्पांचं नावही राहत होतं. बसप्पांनी एकवार वैजयंतीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"पत्रा चांगला होता," ते म्हणाले. "मी स्वतः बघून आणलेला. तिच्यावर आलं तवा नाव घालून आलं की. मग आता माझं बी नाव घाला."

मान्यांनी सुस्कारा सोडला आणि पेन काढलं. बसप्पा कलशेट्टी, जॉबर, असं त्यांनी स्वतःच सांगून लिहून घेतलं. वैजयंतीला ठेवायचं ठरलं, आणि यापुढे तिच्या शब्दाशिवाय डोलकाठीला कोणी हात लावायचा नाही असंही. मग चहा आला.

चहा पिऊन बसप्पा बाहेर आले तेव्हा, खोटं कशाला बोला, त्यांना थोडं मोठं झाल्यासारखं वाटत होतं. पोरगी येईल, "जाऊ द्या काका, होतंय असं," म्हणेल, कदाचित पायाही पडेल, आणि आपण तिला उठवू. एवढं सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं.

वैजयंती आली. पाया पडली नाही.

"काका, एक सांगू?"

"सांग की."

"दवाखान्यात माने सरांचा निरोप आला, काका असं म्हनत्यात म्हनून. तवापासनं मला वाटाया लागलं की माझ्याच हातानं झालं. टाका मारलाय हे ठावं आसून बी वाटायचं, कवातरी चुकून जास्त सोडली आसंल. तुमी म्हनताय म्हंजे खरंच आसंल. त्या पोरी बुडाल्या आसत्या, काका. रोज डोळ्यापुढं येतंय." ती थांबली. "मघा तुमाला घिऊन गेले ती होडी मी लावलेल्या तारांवर हाय. टाका न्हाय तिला. सारखं वाटत हुतं, ही बी पडंल. माजा इस्वास गेलाय माज्या हातावरचा."

आतल्या कागदावरची ओळ खोडून झाली होती. ही कशाने खोडायची? बसप्पा एवढंच म्हणाले, "पोरी, माझं चुकलं," आणि ते शब्द त्यांना फार थोडे वाटले. तिने मान हलवली आणि ती जॅकेटं आवरायला गेली.

पुढचे पंधरा दिवस बसप्पांनी दोन नवे कान केले, आधीच्यापेक्षा रुंद, वाकणाच्या जागी गोलाई ठेवून. टर्नबकल नवे आणले. टाके मारलेले भंगारात टाकले नाहीत, खोलीच्या खिळ्यावर टांगून ठेवले.

डोलकाठी टेम्पोने पुन्हा काठावर गेली. चौघांनी धरून उभी केली, तारा खाली काठांच्या पट्ट्यांत अडकवल्या. बसप्पांनी खिशातून पाना काढला आणि वैजयंतीपुढे धरला.

"तू लाव."

"तुमीच लावा की, काका. मी सांगते कुटवर ते."

"न्हाय. तू लाव."

तिने पाना घेतला. एका बाजूला आटा दिला, उठून तार दाबली, दुसऱ्या बाजूला दिला, मागे सरकून खांब सरळ आहे का बघितला, पुन्हा बसली. बराच वेळ लागला. शाळेच्या मुली जॅकेटं घालून रांगेत उभ्या होत्या. मध्येच तिचा हात थांबायचा आणि ती वर त्या नव्या कानांकडे बघायची.

शेवटी तिने तार बोटाने बसप्पांच्या दिशेने जराशी ढकलली. "बघा की काका, बरोबर हाय का."

बसप्पांच्या तळहाताला खाज सुटली. दोन बोटं लावली असती तरी कळलं असतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत गुंतवले.

"मला काय इचारतीस? तू सांग."

वैजयंती त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळून तिने पुन्हा एकेक तार दाबली. डावी, उजवी, पुढची. डाव्या तारेवर तिचा हात जरा रेंगाळला.

"बरोबर हाय," ती म्हणाली, आणि तिने मुलींना हाक मारली.